मधला वॉल्टर

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि लायब्ररीतून तुमच्यासाठी फोन आला. "मिस्टर लिमये आहेत का? त्यांनी मागवलेली फिल्म आली आहे, त्यांना सांगाल का?" आवाजावरून कुणी तरुण मुलगी असावी. ते गेले, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सांगते." फोन ठेवून मी तिथंच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. सांगते म्हणाले खरी, पण कुणाला?

तर आता सांगते. फिल्म आली. मी जाऊन पाहिलीसुद्धा. उद्या बाळाचं बारसं आहे आणि त्याआधी तुमच्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. सुनेनं सासऱ्याशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही जन्मभर सातारच्या कोर्टात वकिली केलेली, सगळे गोड बोलायला लागले की तुम्हालाच करमायचं नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी, चौऱ्याऐंशीत, सुहासनं तुम्हाला इकडे अमेरिकेत, कॅरीला आणलं. घरामागे पाइनची झाडं आणि पुढे रस्ता, एवढंच तेव्हा इथं होतं. फुटपाथचा पत्ता नाही. सुहास सकाळी रिसर्च पार्कला जायचा, मी माझ्या ऑफिसला, आणि तुम्ही लख्ख उन्हात छत्री घेऊन, अंगात कोर्टाचा काळा कोट चढवून रस्त्याच्या कडेनं फिरायला निघायचात. इथं चालणारा माणूस म्हणजे एक तर हरवलेला, नाही तर गाडी बंद पडलेला. दोन घरं सोडून राहणाऱ्या ग्रेसनं गाडी थांबवून विचारलं, "आर यू लॉस्ट, सर?" तुम्ही म्हणालात, "नो मॅडम, रिटायर्ड." ही गोष्ट ती अजून भेटेल त्याला सांगते.

ग्रेस सत्तरी उलटलेली, नवरा गेलेला, मुलं दूरच्या राज्यांत. माहेरची विदरकोम. हे विदरकोम म्हणजे इंग्लंडातले जुने जमीनदार, सातशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे दोन गावं, एक पाणचक्की आणि माशांचं तळं होतं, ह्याचा तिला कोण अभिमान! कुठल्याशा एजन्सीकडून तिनं वंशावळ करून आणली होती. सोनेरी चौकट, वर ढालीचं चित्र. तुम्ही चष्मा पुसून ती वाचलीत आणि तिसऱ्याच पिढीवर बोट ठेवलंत. मुलगा बापापेक्षा वयानं मोठा होता. "कोर्टात टिकणार नाही," तुम्ही म्हणालात. वाटपाच्या दाव्यांत वंशावळी उभ्या करण्यात आणि दुसऱ्या पक्षाच्या आडव्या करण्यात तुमचं आयुष्य गेलेलं. त्या दिवसापासून ती तुम्हाला 'काउन्सलर' म्हणायला लागली आणि तुम्ही सातशे वर्षांपूर्वीच्या घराण्याचं वकीलपत्र घेतलंत, फुकट.

लायब्ररीच्या तळघरातली ती खोली मला कधी आवडली नाही. खिडकी नाही, दिवे मंद, आणि मायक्रोफिल्मच्या यंत्राच्या काचेवर जुन्या कागदांचे इंग्रजी गोषवारे खालून वर सरकताहेत. रील फिरवली की शेकडो नावं सर्रकन वर जायची आणि थांबवली की त्यांतलं एक नेमकं तुमच्यासमोर उभं राहायचं. तुम्ही त्या उजेडात वाकून बसलेले, ग्रेस शेजारी स्वेटर विणत. मी तुम्हाला न्यायला यायची तेव्हा दारातच उभी राहायची. आत कुणीतरी जास्तीचं बसलंय असं वाटायचं.

आणि ते खरंच होतं, अण्णा. तुम्हीच त्याला आणून बसवलं होतंत.

झालं काय, तर त्या घराण्यात एक वॉल्टर होता. त्याला मुलगा, आणि त्या मुलाला मुलगा, त्याचंही नाव वॉल्टर. तुम्ही नातवाचं नाव वाचलंत आणि क्षणाचा विचार न करता आजोबांच्या नावापुढे फुली मारलीत. "आजा मेल्याशिवाय नातवाला त्याचं नाव कोण ठेवील? वॉल्टर त्याआधी गेलेला असणार." ग्रेसला काय कळणार, ती म्हणाली, "इफ यू से सो, काउन्सलर." आणि मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे दुसरं होतं कुठे? तुमचे वडील नव्वदीपार जगले म्हणून तर सुहास सुहास झाला. नाही तर तो विश्वनाथच व्हायचा.

पण फुली मारलेला वॉल्टर गप्प बसेना. नातवाच्या जन्मानंतरच्या कागदांवरही तो साक्षीदार म्हणून उभा. कुणी कुरण विकलं, साक्षीला वॉल्टर. कुणी चर्चला जमीन दिली, साक्षीला वॉल्टर. नातू तर अजून दूधपिता असणार. मग तुम्ही वकिली डोकं लावलंत आणि एक तिसराच वॉल्टर काढलात, आजोबांचा धाकटा चुलतभाऊ. मधला वॉल्टर. त्याला जन्म नव्हता, लग्न नव्हतं, मरण नव्हतं, नुसत्या साक्षी. ग्रेसचा तर तो लाडकाच झाला. "माय बॅचलर वॉल्टर" म्हणायची ती त्याला.

मला मात्र त्याची भीती वाटायला लागली. जेवताना तुम्ही म्हणायचात, "आज तो पुन्हा आला बरं का." सुहास विचारायचा, "कोण?" आणि तुम्ही आमटी ओरपत म्हणायचात, "मधला." मला तेव्हा तिसरा महिना होता, असल्या दिवसांत मन हळवं होतं म्हणून मी गप्प बसायची. पण दुपारी एकटी घरी असले की तुमच्या खोलीतून कागद सरकल्यासारखं ऐकू यायचं. पंखाच असणार. मी उठून बंद करायला जायची आणि तो बंदच असायचा.

मे महिन्यात तुम्हाला तो कागद सापडला. त्या काळी वारस वयात आला हे सिद्ध करायला जन्मदाखला नसायचा. गावातले लोक बोलावून विचारायचे, तुला ह्याचा जन्म कसा आठवतो? एक म्हणे, त्या दिवशी मी घोड्यावरून पडलो, पाय मोडला. दुसरा म्हणे, त्या दिवशी माझ्या गोठ्याला आग लागली. असल्या साक्षी तुम्हाला इतक्या आवडल्या की संध्याकाळी तुम्ही त्या अभिनयासकट करून दाखवल्यात. मग आवाज खाली आला. तिसरा साक्षीदार म्हणाला होता, मला आठवतं, कारण बाळाचा आजा वॉल्टर स्वतः चर्चमध्ये होता, त्यानं बाळाला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून हातांत उचलून घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं.

आजा जिवंत होता. तुम्ही त्याला वीसेक वर्षं आधीच मारून बसला होतात, आणि त्याची जागा भरायला जो माणूस काढलात तो कधी नव्हताच.

तुम्ही कागदावरून मधल्या वॉल्टरला खोडलंत आणि सरळ आंघोळीला गेलात. बाहेर आलात तेव्हा मी हसून विचारलं, "सुतक आलं की काय?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "एक माणूस गेला, मीना. नव्हता तरी गेलाच ना." त्या दिवसापासून तुमच्या खोलीतला आवाज थांबला. ह्याचं मला अजूनही काही नीट सांगता येत नाही. सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, "यार मीना, व्हेंट असेल, ए.सी.वाल्याला कॉल करतो."

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुम्ही म्हणालात, "मुलगा झाला तर माझं नाव ठेवा. मी आहे तोवर. मला त्याला त्या नावानं हाक मारायची आहे." मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, सातशे वर्षांपूर्वी एका आजानं हे केलं आणि पुढे वीस वर्षं घोड्यावर बसला. मी म्हटलं, तो विदरकोम होता, तुम्ही लिमये आहात. तुम्ही म्हणालात, हा काही युक्तिवाद नाही. नव्हताच तो. पण माझ्या माहेरी काय झालं ते तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या थोरल्या भावाला आजोबांच्या हट्टापायी त्यांचंच नाव ठेवलं आणि वर्ष सरायच्या आत आजोबा गेले. आजीनं त्या पोराला कधी जवळ घेतलं नाही. तो दारातून आत आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. भाऊ आज चाळिशीचा आहे, अजून स्वतःचं नाव सांगताना आवाज खाली घेतो. मी असलं काही माझ्या मुलाच्या कपाळी लिहिणार नव्हते. आणि तुमच्याही.

तुम्ही मग मला ग्रेसच्या चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेलात, पुरावा दाखवायला. ग्रेसच्या नवऱ्याचं थडगं, आणि त्याच दगडावर शेजारी ग्रेसचं नाव. जन्माचं साल कोरलेलं, पुढे रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. ग्रेस वाकून स्वतःच्या नावावरची पाइनची पानं झाडत होती. "स्वतःच्या थडग्याला झाडते आहे," तुम्ही कानात म्हणालात, "आणि बघ कशी ठणठणीत आहे." मी पोटावर हात ठेवून गाडीत जाऊन बसले. परत येताना मी एवढंच म्हटलं, "अण्णा, तुम्ही आहात तोवर हे नाव नको. तुम्ही आहात हेच मला हवंय."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बरं." त्यानंतर हा विषय काढला नाहीत. तुम्ही इतक्या सहज गप्प बसलात म्हणजे कुठेतरी अपील दाखल केलं असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुमच्याबद्दल राग कधीच नव्हता, हे मी तोंडानं कधी म्हटलं नाही. ह्याच्या आधीच्या खेपेला, बाळ पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा, मी खोलीचं दार लावून पडून होते. सुहास बिचारा काय बोलावं हे न सुचून गवत कापत सुटला होता. तुम्ही दाराबाहेर कार्पेटवर मांडी घालून बसलात आणि कुठल्याशा जुन्या दाव्याचा निकाल मोठ्यानं वाचायला लागलात. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, असलं काहीतरी. दोन दिवस वाचत होतात. घर गप्प राहू नये म्हणून. माझे वडील इथं असते तर त्यांना हे सुचलं नसतं.

आणि तुम्ही गेलात तो दिवस. मी डॉक्टरकडून आले. तुम्ही खिडकीपाशी तुमच्या खुर्चीत, मांडीवर विदरकोमांचे कागद, तोंड बाहेर झाडांकडे. मी चपला काढता काढता बोलायला लागले. डोकं खाली आलंय म्हणाले, सगळं ठीक आहे, वजन वाढलंय, मी कमी खावं म्हणतात. कुकर लावला. स्वयंपाकघरातून बोलतच होते, ऑक्टोबर म्हणजे तुमच्या आवडीच्या थंडीत येणार हो हे पोर. उत्तर येईना म्हणून पुढे येऊन पाहिलं. अण्णा, तुम्ही आधीच गेलेला होतात. मी किती वेळ एका गेलेल्या माणसाला पोटातल्या पोराबद्दल सांगत होते कोण जाणे. तुम्ही ऐकलंत का?

क्रियाकर्म झालं. फ्युनरल होमच्या पाटीवर 'टी. व्ही. लिमये' एवढंच होतं, कोर्टात सही करायचात तसं. न्यू जर्सीहून वन्सं आल्या होत्या. चहा पिताना डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता नावाचा तर प्रश्नच मिटला ना गं. मुलगा झाला की अण्णांचंच." बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला वाटलं, माझ्या हातात कुणी पावती ठेवतंय. तुम्ही आहात तोवर नको, असं मी म्हटलं होतं. आता तुम्ही नव्हतात, म्हणजे माझी अट तुम्ही पुरी केलीत. नाव ठेवलं तर ते मरणाच्या बदल्यात घेतलेलं, आणि पोरगा जन्मभर ते नाव माझ्या भावासारखा खाली आवाजात सांगणार. नाही ठेवलं तर तुमची एकुलती एक मागणी मी दोनदा मोडली. सुहास म्हणाला, "यू डिसाइड, मीना. मला दोन्ही चालेल." दोन्ही चालणाऱ्या माणसाचा काही उपयोग नसतो.

म्हणून लायब्ररीतून फोन आला तेव्हा मी गेले. पोट एवढं मोठं की गाडी चालवता येईना, ग्रेसच घेऊन गेली. त्याच खोलीत, तुमच्या खुर्चीत मी बसले. ग्रेसनं रील लावून दिली, तिला सवय होती. काय शोधायचं ते माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच फिरवत राहिले. मग ती एकदम म्हणाली, "स्टॉप, हनी." काचेवर एका तळ्याच्या विक्रीचा कागद, आणि खाली साक्षीदार: वॉल्टर विदरकोम थोरला, वॉल्टर विदरकोम धाकटा. आजा आणि मोठा झालेला नातू, एका ओळीत. हेच बघायला तुम्ही ही फिल्म मागवली होतीत.

ग्रेस काचेकडे बघत म्हणाली, "काउन्सलर वुड हॅव लव्ह्ड धिस. जस्ट लाइक हिम अँड लिटल ट्रिंबक."

उच्चार वेडावाकडा, पण नाव तुमचंच. ते तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ती तुम्हाला काउन्सलर म्हणायची, सुहास अण्णा म्हणतो, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही म्हणून माझ्या तोंडात ते कधी आलंच नाही. त्या बंद खोलीत, तुमच्या खुर्चीत बसून मी ते पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकलं. मी मागे वळून पाहिलं, खरंच सांगते. मग विचारलं, "कोण ट्रिंबक?"

"का? बाळ," ती इंग्रजीत म्हणाली, आणि जरा गडबडली. "मी बोलायला नको होतं का? त्यांनी मला जूनमध्येच सांगितलं. म्हणाले, माझा ट्रिंबक ऑक्टोबरात येतोय. रोज इथं बसले की म्हणायचे, चला, ट्रिंबकला दाखवायला हे टिपून ठेवू. मी त्याच्यासाठी स्वेटरही त्याच नावानं विणला, हनी. मला वाटलं, तुम्हीच ठरवलंय."

"अण्णांचं स्वतःचं नाव काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नो," ती म्हणाली. "आय नेव्हर आस्क्ड."

अण्णा, मी त्या यंत्रासमोर आधी रडले आणि मग हसले, ग्रेस घाबरली. तुम्ही मला न विचारता, माझ्या पोटातल्या पोराला, तुम्ही धडधाकट असताना नाव देऊन मोकळे झालात. तेही एक साक्षीदार ठेवून. तोही असा साक्षीदार, की ज्याच्या लेखी ते नाव आधी बाळाचं आहे आणि तुमचं अजून नाहीच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही दोघं एकाच नावाचे ह्या घरात वावरत होतात आणि मला पत्ता नव्हता. त्या दुपारी मी तुमच्याशी बोलत होते तेव्हाही.

भांडणात तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. मी नको म्हणत होते ते तुमच्यासाठी, आणि आजही तेच म्हणेन. नाव दिल्यामुळे तुम्ही गेलात की काय, ही शंका मी वन्संना सांगितलेली नाही, सुहासलाही नाही, तुम्हाला सांगते आहे. कधी कधी तिन्हीसांजेला ती येऊन बसते. पण बाळाला ह्या नावासाठी कुणाच्या मरणाची वाट बघावी लागली नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो ते ताठ मानेनं सांगू शकतो.

मुलगा झाला, अण्णा. नाक तुमचं. खिडकीपाशी पाळणा ठेवला की तुमच्या खुर्चीकडे टक लावून बघतो आणि मध्येच कुणीतरी काही बोलल्यासारखा हसतो. सुहास म्हणतो, गॅस आहे.

उद्या वन्सं बाळाच्या कानात कुर्र करतील. त्यानंतर आईनं हाक मारायची. रीतीप्रमाणे मी त्याला बाळ म्हणावं, नाना म्हणावं, म्हणजे सासऱ्याचं नाव तोंडी येत नाही. वन्संनी तसं सुचवलंही. मी नाही म्हटलं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणणार आहे, त्र्यंबक. ज्याला ओ द्यायची असेल त्यानं द्यावी.